शाळेचा डबा: आवड राखून पोषण



शाळेचा डबा सकाळी सात-साडेसातला भरला जातो आणि तीन-चार तासांनी, मोठ्या सुट्टीत उघडला जातो. सुट्टी फार मोठी नसते आणि तिच्यातला बराच वेळ मुलांना खेळायला हवा असतो. डब्याचा विचार इथूनच सुरू व्हावा. गार झाल्यावर चिवट होणारा, हात बरबटवणारा किंवा चावत बसावे लागणारा पदार्थ कितीही पौष्टिक असला तरी जसाच्या तसा घरी परत येतो.

डब्यात किती असावे, याला एक ढोबळ माप आहे. सरकारी शाळांतल्या मध्यान्ह भोजनासाठी पहिली ते पाचवीच्या मुलामागे ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीसाठी ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने धरलेली आहेत. घरच्या डब्यालाही हेच माप लावून पाहता येते. मध्यम आकाराच्या दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी यांतून प्रथिने मिळतात सात-आठ ग्रॅम. उरलेला फरक एका अंड्याने, तीसेक ग्रॅम पनीरने किंवा पोळीत भरलेल्या मुगाच्या उसळीने भरून निघतो. सगळा डबा बदलण्याची गरज नसते. बहुतेक घरांत कमी पडते ती डाळ-कडधान्याची बाजू आणि भाजी.

म्हणून मुलाचा लाडका पदार्थ काढून घेऊ नये. त्याचे रूप तसेच ठेवून आतला ऐवज बदलावा. बटाट्याचा पराठा हे याचे सर्वांत सोपे उदाहरण. सारणातला थोडा बटाटा कमी करून त्या जागी उकडून कुस्करलेले वाटाणे किंवा पनीर घातले तर चव फारशी बदलत नाही. गाजर किंवा दुधी किसून घालताना मात्र काळजी लागते. किसाला मीठ लागले की पाणी सुटते, सारण सैल होते आणि लाटताना पराठा फुटतो. कीस आधी मीठ लावून दहा मिनिटे ठेवावा, घट्ट पिळावा आणि निघालेले पाणी कणीक भिजवायला वापरावे. मग कणकेत वेगळे मीठ बेतानेच. कणीक दुधात किंवा दह्यात भिजवली तर पराठा दुपारपर्यंत मऊ राहतो. प्रवासाच्या दशम्या दुधात भिजवतात त्या याच कारणाने. तव्यावरून काढलेली पोळी लगेच डब्यात कोंबू नये. वाफेचे पाणी होऊन खालची पोळी गिच्च होते आणि मूल ती बोटानेच बाजूला सारते. दोन मिनिटे फडक्यावर पसरून, तूप लावून मग घडी घालावी.

इडली-डोसा मुळातच बरा, कारण त्यात तांदळाबरोबर उडीद असतो. तांदळाचा चौथा हिस्सा काढून तिथे नाचणी घातली तर कॅल्शियम वाढते: १०० ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असते, पांढऱ्या तांदळात नावापुरते. रंग काळपट होतो, हे मुलाला आधी सांगितलेले बरे. वर्गात डबा उघडल्यावर कळण्यात मजा नाही. उरलेल्या इडलीचे तुकडे मोहरी-कढीपत्त्याच्या फोडणीत मटार घालून परतले की तो वेगळाच पदार्थ होतो. पोह्यांवर लिंबू पिळण्याची आपली रीतही शास्त्राला धरून आहे: लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे धान्यातले लोह अंगी लागायला मदत होते. लिंबू मात्र गॅस बंद केल्यावर पिळावे. जॅमच्या सँडविचऐवजी शेंगदाण्याची चटणी दह्यात किंवा लोण्यात कालवून लावता येते. झटपट नूडल्स हा डब्याचा पदार्थच नव्हे. त्यांचा दुपारपर्यंत गोळा होतो आणि मसाल्याच्या पुडीत मीठ भरपूर असते. त्या आवडतच असतील तर शनिवारी संध्याकाळी घरी कराव्यात, अर्धीच पुडी आणि दुप्पट भाज्या घालून.

भाजी लपवून घालावी की दाखवून, यावर आयांमध्ये नेहमी वाद होतो. लपवल्याने पोषण पोटात जाते, पण मूल ती भाजी खायला शिकत नाही. नवी चव मुलांना सवयीनेच आवडू लागते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लीअ‍ॅन बर्च यांनी १९८० च्या दशकापासून लहान मुलांवर जे प्रयोग केले, त्यांतून दिसले की अनोळखी पदार्थ पुन्हा पुन्हा चाखायला मिळाला तर पसंती वाढते. त्यासाठी आठ-दहा वेळा किंवा त्याहून जास्तही चाखावा लागतो. दोनदा नाक मुरडले म्हणून भाजी बाद करणे म्हणूनच घाईचे ठरते. पराठ्यात किसलेली गाजरे असली, तरी शेजारी गाजराचे दोन उभे काप दिसतील असे ठेवावेत. खाल्ले नाहीत तरी बोलू नये.

गंमत आणायला महागडे साचे लागत नाहीत. मोठ्या पोळीपेक्षा वाटीने कापलेल्या चार छोट्या पुऱ्या लवकर संपतात. थालीपीठ पिझ्झासारखे तिकोनी कापले की मूल तेच मागून घेते. रविवारी आठवड्याच्या डब्यांतले दोन दिवस मुलाला ठरवू द्यावेत, मात्र निवड आईवडिलांनी काढलेल्या चार-पाच पदार्थांतूनच. स्वतः वाटाणे सोललेले किंवा लाटी वळलेली असली की मुलाला आपला डबा म्हणून अभिमान वाटतो. मुले डबा वाटून खातात, तेव्हा दोन घास जास्तच द्यावेत. मित्राच्या डब्यातली न आवडणारी भाजी तिथे सहज खाल्ली जाते.

खाऊ म्हणून चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू चॉकलेटपेक्षा बरा, कारण त्यात दाणे आणि धान्य आहे. गूळ आहे म्हणून नव्हे. गूळ हीदेखील साखरच, तेव्हा एक तुकडा पुरे. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे शेंगदाणे देऊ नयेत आणि द्राक्षे उभी चिरून द्यावीत. दोन्ही घशात अडकण्याचा धोका असतो. वर्गात कुणाला दाण्यांची अ‍ॅलर्जी आहे का, हे शाळेत विचारून ठेवावे. उन्हाळ्यात आदल्या रात्रीचा बाहेर राहिलेला भात डब्यात कधीच देऊ नये. शिजलेल्या भातात वाढणारे काही जिवाणू असे विष तयार करतात की भात पुन्हा गरम केल्यानेही ते जात नाही.

शाळेच्या आवारात आणि आवारापासून ५० मीटरपर्यंत जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ विकायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी बंदी आहे. तरी फाटकाबाहेरची गाडी बहुतेक शाळांजवळ दिसतेच, आणि डब्याची खरी स्पर्धा तिच्याशी असते. म्हणून परत आलेला डबा रोज उघडून पाहावा. काय उरले ते रागावून नव्हे, सहज विचारावे. गार झाले होते, सांडले होते की वेळच मिळाला नाही, हे मूल स्वतःच सांगते, आणि दुसऱ्या दिवशीचा डबा त्यावरून ठरवावा.