'देवाचे राज्य' ही संज्ञा आणि खोट्या ख्रिस्तांचा प्रश्न

नव्या करारातील पहिल्या तीन शुभवर्तमानांत येशूच्या उपदेशाचे केंद्र म्हणून जी संज्ञा पुन्हा पुन्हा येते ती 'देवाचे राज्य' ही होय. मत्तय बहुतेक ठिकाणी 'स्वर्गाचे राज्य' असा शब्दप्रयोग करतो. परंतु देवनामाचा उच्चार टाळण्याची यहुदी रीत ध्यानात घेऊन बहुतेक अभ्यासकांनी या दोन संज्ञांत मूलभूत अर्थभेद मानलेला नाही. विशेष असे की, जी संज्ञा इतकी मध्यवर्ती तिची व्याख्या येशूने कोठेही केलेली नाही. मोहरीचा दाणा, पिठात मिसळलेले खमीर, शेतात पुरलेली ठेव, समुद्रात टाकलेले जाळे अशा दृष्टान्तांनी तेथे व्याख्येची जागा घेतली आहे. याच शुभवर्तमानांत (मार्क १३, मत्तय २४, लूक २१) ख्रिस्ताचे नाव धारण करून येणाऱ्या भोंदूंविषयी इशाराही आढळतो. हे दोन विषय सामान्यतः वेगवेगळ्या प्रकरणांत चर्चिले जातात. पहिला ईश्वरविद्येत, दुसरा युगान्ताच्या विवेचनात. वस्तुतः ते परस्परांपासून विलग करता येत नाहीत. 'राज्य' या शब्दाचा जो अर्थ श्रोता गृहीत धरतो त्यावरच तो कोणाच्या मागे जाईल हे पुष्कळ अंशी अवलंबून असते, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपाद्य आहे.

मूळ ग्रीक शब्द 'बासिलेया' हा असून त्यामागे हिब्रू 'मलखूथ' व अरमाईक 'मल्खूथा' हे शब्द उभे आहेत. या शब्दांचा प्रधान अर्थ भूप्रदेश हा नसून राजेपण, राजसत्ता चालवण्याची क्रिया हा आहे, ही गोष्ट गुस्ताफ डालमन या जर्मन पंडिताने १८९८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात साधार मांडली आणि पुढील संशोधनाने ती सामान्यतः स्वीकारली. मराठीतील 'राज्य' हा शब्द मात्र दुहेरी आहे. 'राज्य करणे' यात क्रिया आहे, 'राज्याची सीमा' यात भूमी आहे, तर 'रामराज्य' यात या दोहोंपेक्षा निराळे असे गुणवाचक काही आहे. मुलांच्या खेळात तर ज्याच्यावर 'राज्य' येते त्याच्या वाट्याला केवळ धावाधाव येते! शुभवर्तमानांतील सेवक-राजाच्या कल्पनेला मराठी भाषेने नकळत दिलेला हा दुजोरा गमतीचा असला तरी अगदीच निरर्थक नाही. तथापि ग्रांथिक मराठीत, विशेषतः शिवकालाच्या स्मृतीने संस्कारित झालेल्या वाचकाच्या मनात, 'राज्य' म्हटले की गड, मुलूख आणि छत्र यांचेच चित्र प्रथम उभे राहते, हे मान्य करावे लागेल.

या दृष्टीने लूक १७ : २०-२१ हे स्थळ महत्त्वाचे आहे. राज्य केव्हा येणार, या परूश्यांच्या प्रश्नाला दिलेल्या उत्तरात ते डोळ्यांना दिसेल अशा रीतीने येत नाही आणि ते 'येथे' किंवा 'तेथे' आहे असे कोणी दाखवूनही देणार नाही, असा आशय आहे. त्यानंतर येणाऱ्या 'एन्तोस' या ग्रीक शब्दावर मोठा वाद आहे. त्याचा अर्थ 'अंतःकरणात' असा घ्यावा की 'तुमच्या समुदायात' असा घ्यावा? पहिला अर्थ राज्याला केवळ आंतरिक, आध्यात्मिक अनुभव बनवतो. दुसरा त्याला समाजात उभे करतो. प्रश्न विचारणारे परूशी विरोधक होते, त्यांच्या अंतःकरणात राज्य वसत असल्याचे येशू म्हणेल हे संभवत नाही, म्हणून दुसऱ्या अर्थाकडे अनेकांचा कल आहे. अनुवादकाला येथे एक बाजू घेणे भाग पडते. मराठीला मात्र एक सोय आहे. 'तुमच्यात' या साध्या सप्तम्यन्त रूपात 'तुमच्या आत' आणि 'तुम्हां सर्वांमध्ये' हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. 'अंतर्यामी' किंवा 'मध्ये' असा नेमका शब्द योजला की ही सोय नाहीशी होते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनच्या सेवेतून बाहेर पडून जी संस्था उभारली तिला 'देवाचा दरबार' असे नाव दिले. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना तीत सारखेच स्थान होते. १९१९ मध्ये टिळक निवर्तले. संस्थेला पुरेसा अवधी मिळाला नाही. परंतु शब्द म्हणून 'दरबार' ही निवड मार्मिक आहे. दरबार हा मुलूख नव्हे; राजा जेथे बसला आहे आणि माणसे त्याच्यासमोर उभी आहेत तेथे दरबार असतो. डालमनच्या विवेचनाशी टिळकांचा परिचय होता की नव्हता हा प्रश्न येथे गौण आहे; मराठीच्या व्यवहारातूनच त्यांना 'मलखूथ'च्या जवळ जाणारा शब्द सापडला, हे विशेष.

आता दुसऱ्या संज्ञेकडे वळू. मत्तय व मार्क यांनी 'प्स्युडोख्रिस्तोस' म्हणजे खोटा ख्रिस्त असा शब्द योजला आहे. योहानाच्या पत्रांतील 'ॲन्टिख्रिस्तोस' म्हणजे ख्रिस्तविरोधी हा शब्द निराळा. एक ख्रिस्ताचा वेष घेतो, दुसरा ख्रिस्ताला नाकारतो. लोकप्रिय प्रवचनांतून या दोहोंची सर्रास गल्लत होते, आणि तिचा परिणाम असा की श्रोता उघड शत्रूची वाट पाहत बसतो व मित्राच्या वेषात आलेल्याला दार उघडतो. मराठीत यासाठी 'तोतया' हा शब्द सुचणे स्वाभाविक आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने प्रकटलेला आणि १७७६ मध्ये देहान्त शासन पावलेला तोतया मराठी इतिहासाला परिचित आहे, न. चिं. केळकरांनी त्यावर नाटकही लिहिले. मात्र एक मूलभूत फरक विसरता येत नाही. भाऊसाहेबांना पाहिलेली माणसे हयात होती. चेहरा, आवाज, जुन्या आठवणी यांवरून पारख करणे शक्य होते. मशीहाला पूर्वी कोणी पाहिलेलेच नव्हते. लोकांजवळ त्याची केवळ अपेक्षा होती, आणि दावेदाराला त्या अपेक्षेसारखे दिसले की पुरत असे. म्हणून पारख चेहऱ्याची न राहता अपेक्षेची करावी लागते.

पहिल्या शतकातील पॅलेस्टाइनमध्ये ही अपेक्षा काय होती, हे जोसीफस या यहुदी इतिहासकाराच्या ग्रंथांवरून कळते. इ. स. ६ मध्ये क्विरिनियसच्या खानेसुमारीच्या वेळी गालीलच्या यहूदाने उठाव केला. देवाखेरीज कोणालाही धनी म्हणायचे नाही, हे त्याच्या पंथाचे सूत्र होते. शब्दशः पाहता हा देवाच्या राज्याचाच पुकारा होता. कस्पियस फादस हा सुभेदार असताना, म्हणजे इ. स. ४४ ते ४६ च्या सुमारास, थुदास नावाच्या माणसाने यार्देन नदी दुभंगून दाखवण्याचे आश्वासन देऊन लोकांना त्यांच्या चीजवस्तूंसह नदीकाठी नेले. रोमन घोडदळाने त्यांची कत्तल केली व थुदासाचे शिर यरुशलेमला आणले. फेलिक्सच्या काळात एका मिसरी माणसाने जैतुनांच्या डोंगरावर अनुयायी जमवले. जोसीफस त्यांची संख्या ३०,००० देतो, तर 'प्रेषितांची कृत्ये' (२१ : ३८) ४,००० सांगते. तो मिसरी निसटला आणि अनुयायी मेले. 'कृत्यां'तील त्याच स्थळी रोमन सरदार पौलालाच तो मिसरी समजतो. खऱ्याखोट्याची निवड परक्याच्या डोळ्यांना किती अवघड होती, हे या लहानशा प्रसंगातून दिसते.

थुदास व मिसरी यांनी स्वतःला स्पष्ट शब्दांत मशीहा म्हणवल्याचे जोसीफस सांगत नाही. तो त्यांना भोंदू व खोटे संदेष्टे म्हणतो. परंतु दोघांच्या आश्वासनांचा साचा लक्षणीय आहे. एक यहोशवाप्रमाणे यार्देन दुभंगणार, दुसऱ्याच्या शब्दाने यरीहोप्रमाणे तटबंदी कोसळणार. भूमी जिंकण्याच्या जुन्या कथेची ही पुनरावृत्ती होती.

या अपेक्षेचा परमोत्कर्ष बार कोखबाच्या उठावात (इ. स. १३२-१३५) झाला. त्याचे खरे नाव शिमोन बार कोसिबा. रब्बी अकिबाने त्याला मशीहा मानले आणि गणना २४ : १७ मधील ताऱ्याच्या भाकिताला अनुसरून 'बार कोखबा', म्हणजे ताऱ्याचा पुत्र, असे नाव रूढ झाले. पराभवानंतर यहुदी परंपरेनेच त्यात किंचित फेर करून 'बार कोझिबा', लबाडीचा पुत्र, असे म्हटले. एका अक्षराच्या अंतराने तारा आणि लबाडी! यहुदीयाच्या वाळवंटातील गुहांत १९५० च्या दशकापासून सापडलेल्या त्याच्या पत्रांत तो स्वतःला मशीहा म्हणत नाही. 'नासी' म्हणजे अधिपती म्हणवतो, जमिनींच्या खंडाचे व्यवहार त्याच्या नावाने होतात, आज्ञा न पाळल्यास बेड्या घालण्याची धमकी तो देतो, आणि मंडपांच्या सणासाठी झावळ्याही मागवतो. असा माणूस लफंगा म्हणता येणार नाही. तो धर्मशील व शूर होता. चूक होती ती त्याच्याकडून ठेवलेल्या अपेक्षेत. ख्रिस्ती लेखक जस्टिन याच्या साक्षीनुसार, ख्रिस्ताला नाकारण्यास तयार नसलेल्या ख्रिस्ती लोकांना त्याने कठोर शिक्षा केल्या.

येथे एक आक्षेप उपस्थित होतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. राज्य स्थापन न करता मारला गेला म्हणून बार कोखबा खोटा ठरत असेल, तर क्रुसावर मेलेल्या येशूचे काय? यहुदी परंपरेने हाच प्रश्न विचारला आहे. 'कृत्यां'च्या पाचव्या अध्यायात गमलियेल थुदास व यहूदा यांची उदाहरणे देऊन सुचवतो की, कार्य मनुष्याचे असेल तर आपोआप मोडेल. (त्या भाषणात थुदास यहूदाच्या आधी येतो, हे जोसीफसच्या कालक्रमाशी जुळत नाही.) हा सल्ला व्यवहारी आहे, पण कसोटी म्हणून अपुरा आहे, फळ दिसेपर्यंत थांबलेल्याला निवड करण्याचे कारणच उरत नाही, आणि असत्यही शतकानुशतके टिकते. शुभवर्तमानांनी यशाची कसोटी मुळातच नाकारलेली दिसते. लोक बळाने राजा करू पाहतात तेव्हा येशू एकटाच डोंगरावर निघून जातो (योहान ६ : १५), पुनरुत्थानानंतरही शिष्य इस्राएलचे राज्य आताच परत देणार काय असे विचारतात (कृत्ये १ : ६), आणि त्यांना काळवेळ जाणण्याचा अधिकार नाकारला जातो. अर्थात, हे उत्तर ख्रिस्ती श्रद्धेच्या आतले आहे. पुनरुत्थान न मानणाऱ्याला ते पटावे अशी अपेक्षा धरता येत नाही. परंतु एवढे निश्चित की, ज्या शिष्यांनी साऱ्या शिकवणीनंतरही मुलुखाचाच प्रश्न विचारला त्यांच्या वारसांकडून तीच चूक पुन्हा होणे अशक्य नव्हते.

ती झालीच. जर्मनीतील म्यून्स्टर शहर १५३४ मध्ये पुनर्बाप्तिस्मावाद्यांच्या ताब्यात गेले. त्यांचा नेता यान माथिस ईस्टरच्या सुमारास वेढ्यात मारला गेला; मग यान फान लायडेन याने स्वतःला नव्या यरुशलेमचा राजा म्हणून घोषित केले. जून १५३५ मध्ये शहर पडले. १५३६ च्या जानेवारीत त्याला व त्याच्या दोन साथीदारांना ठार करून त्यांची प्रेते लोखंडी पिंजऱ्यांत टांगण्यात आली. सेंट लाम्बर्ट चर्चच्या मनोऱ्यावर ते पिंजरे आजही आहेत. याच पंथपरंपरेतील मेनो सायमन्स याने यानच्या दाव्याविरुद्ध लिहिले आणि शस्त्रत्यागी शाखेला नेतृत्व दिले, हे विसरू नये.

याहूनही बोधक उदाहरण चीनचे आहे. राजसेवेच्या परीक्षांत वारंवार अपयश आलेल्या हुंग श्यूछ्वान याला १८३७ मध्ये आजारपणात दृष्टान्त झाले. लिआंग फा या चिनी ख्रिस्ती प्रचारकाची पुस्तिका पुढे १८४३ मध्ये त्याने वाचली आणि आपण येशूचा धाकटा भाऊ आहोत अशी त्याची खात्री पटली. त्याने स्थापिलेल्या राज्याचे नाव होते 'थायफिंग थ्येनकुओ', महाशांतीचे स्वर्गीय राज्य (१८५१-१८६४). चिनी 'कुओ' या शब्दाचा पहिला अर्थ देश, राष्ट्र असा आहे. 'बासिलेया'चे भाषांतर 'थ्येनकुओ' होताच तिला राजधानी, सैन्य व सिंहासन लाभण्याची वाट मोकळी झाली. मत्तयावरील आपल्या टिपणांत हुंगने स्वर्गीय राज्य वर स्वर्गात आणि खाली पृथ्वीवरही आहे असा अर्थ लावला. १८५३ मध्ये नानकिंग राजधानी झाली. या युद्धातील प्राणहानीचे अंदाज कोटींच्या घरात जातात. केवळ एका शब्दाने हे घडवले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. दुष्काळ, भ्रष्ट प्रशासन, अफूचे युद्ध ही कारणे होतीच. तरी अनुवादकाच्या लेखणीवर किती भार असतो, याचे असे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही ख्रिस्तागमनाची तारीख धरली होती. मिलरने स्वतःला ख्रिस्त म्हणवले नाही. ती चूक भूमीची नव्हती, दिनांकाची होती.

मग ओळख कशाने पटावी? चमत्काराने नव्हे. खोटे ख्रिस्तही चिन्हे व अद्भुते दाखवतील, असे शुभवर्तमानच सांगते (मार्क १३ : २२). मराठी वाचकाला येथे दासबोधातील पाचव्या दशकाचा गुरुलक्षणाचा समास आठवेल. करामत दाखवणाऱ्याला लोक गुरू म्हणत असले तरी तो सद्गुरू नव्हे, असा विवेक समर्थांनी तेथे केला आहे. साम्य खरे असले तरी ते ताणू नये. गुरू अनेक असू शकतात; मशीहा एकच, म्हणून तेथील दाव्याचे स्वरूप अधिक निर्वाणीचे असते.

अत्यंत व्यवहारी कसोट्या मिळतात त्या 'डिडाखे' या प्राचीन ग्रीक पुस्तिकेत. प्रेषितांच्या शिकवणीचा हा छोटा ग्रंथ अनेक शतके लुप्त होता. १८७३ मध्ये ब्रिएनियोस याला कॉन्स्टॅन्टिनोपल येथे त्याचे हस्तलिखित मिळाले व १८८३ मध्ये ते छापले गेले. फिरता प्रेषित एक दिवस, गरज पडल्यास दोन दिवस राहील. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा. जाताना भाकरीहून अधिक काही नेईल, पैसा मागेल, तर तो खोटा. आत्म्याच्या संचारात भोजनाचे ताट मांडण्याची आज्ञा करील आणि स्वतःच त्यावर बसेल, तोही खोटा. यात ईश्वरविद्येचा एकही गहन मुद्दा नाही; ज्यांच्या घरी असे पाहुणे उतरत असत त्यांच्या अनुभवातून आलेले हे शहाणपण आहे. गावात स्थायिक होऊ पाहणाऱ्या सामान्य बांधवाने हातचा उद्योग करून खावे, असे पुढे म्हटले आहे. तसे न करणाऱ्याला 'ख्रिस्तेंपोरोस', ख्रिस्ताचा व्यापारी, असा शब्द योजला आहे. त्याला मराठीत रूढ असा प्रतिशब्द नाही. देवाच्या नावाने दुकान मांडणे हा वाक्प्रचार तेवढा त्याच्या अगदी जवळ जातो.