लाल यादी कोण उघडणार?

आमच्या गावात रेडिओलॉजिस्ट नाही. साखर कारखान्यांच्या पट्ट्यातलं तालुक्याचं गाव आणि ट्रस्टचं रुग्णालय. छातीचा एक्स-रे काढला की रिपोर्ट जिल्ह्याच्या ठिकाणाहून येणार, तोही दुसऱ्या दिवशी आणि मध्ये सुट्टी आली तर तिसऱ्या. तोवर पेशंट घरी, फडात किंवा एसटीत. म्हणून एक्स-रे वाचणारी एआय प्रणाली बसवायचं ठरलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. परिचारिकेच्या नोकरीत उशिरा कळलेला टीबी मी फार जवळून पाहिला आहे. आजही मी त्या प्रणालीच्या बाजूचीच आहे, हे आधी सांगते. पण ती आल्यावर आमच्याकडे जे घडलं ते दुसरीकडे घडू नये, म्हणून हे लिहिते आहे.

हंगाम जोरात होता. ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई खोकला आणि ताप घेऊन ओपीडीत आली. तिशीच्या आतली. नवऱ्याने कामावर खाडा केला तर मजुरी बुडते, म्हणून सोबत जाऊ आली होती. डॉक्टरांनी तपासलं, एक्स-रे लिहून दिला, पाच दिवसांची औषधं दिली आणि सोमवारी रिपोर्टसाठी यायला सांगितलं. एक्स-रे निघाला. प्रणालीने तो मिनिटभरात वाचला, उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागावर लाल-पिवळा डाग रंगवून दाखवला, टीबीच्या शक्यतेचा आकडा दिला आणि तिचं नाव संशयितांच्या लाल यादीत टाकलं.

ती यादी वेळेत कुणी उघडलीच नाही.

एक्स-रे टेक्निशियनला वाटत होतं, यादी डॉक्टर बघतात. डॉक्टरांना वाटत होतं, काही निघालं तर खालून फोन येईल. ओपीडीच्या सिस्टरला तर त्या प्रणालीचा पासवर्डच दिलेला नव्हता. पूर्वी जिल्ह्याहून रिपोर्टचा कागद यायचा, तो कुणाच्या तरी टेबलावर पडायचा आणि टेबलावर पडला की कुणीतरी विचारायचं, "अहो, हा पेशंट कुठाय?" प्रणाली आली तसा तो कागद बंद झाला, आणि त्या कागदामुळे आपोआप होणारी विचारपूसही बंद झाली. हे कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण ती विचारपूस कुणाच्याही कामाच्या यादीत लिहिलेली नव्हती.

सोमवारी ती बाई आली नाही. दोन दिवसांनी कुणीतरी यादी पाहिली आणि कार्यालयातून केस पेपरवरच्या नंबरवर फोन गेला. तो नंबर मुकादमाचा होता. टोळीतल्या बहुतेकांच्या केस पेपरवर तोच असतो. मुकादमाने विचारलं, "काय निघालंय तिला?" आणि फोनवरच्या मुलाने सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्या जोडप्याला टोळीतून वेगळं काढलं. अंगावर उचल, हाताला काम नाही, खोपीतून बाहेर. ती दोघं कुठे गेली, हे नंतर मुकादमालाही सांगता येईना.

बऱ्याच आठवड्यांनी तालुक्याच्या क्षयरोग पर्यवेक्षकांकडून कळलं की दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयात टीबीच्या निक्षय पोर्टलवर तिची नोंद झाली आहे. थुंकीतून रक्त पडायला लागल्यावर ती तिथे गेली होती. उपचार सुरू झाले आणि ती वाचली. तोवर एका खोपीत तिच्यासोबत किती जणांनी श्वास घेतला असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. जावेचं मूल तेव्हा रांगत होतं.

मग बैठक झाली. कंपनीच्या माणसाने लॅपटॉप उघडून नोंद दाखवली: एक्स-रे अमुक वाजता आला, लाल यादीत नाव तमुक वाजता गेलं, मध्ये एक मिनिटही नाही. त्याचं खरं होतं. यंत्र चुकलं असतं तर चर्चा सोपी झाली असती. ते बरोबर होतं आणि तरीही ती बाई आमच्या हातून निसटली. एआयवरच्या व्याख्यानांत अचूकतेचे टक्के सांगतात. यंत्राने बोट दाखवल्यानंतर उठून पेशंटपर्यंत जायचं कुणी, हे त्या टक्क्यांत कुठेच नसतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की प्रणाली विकत घेण्याच्या कागदावर सही होण्याआधी एका साध्या कागदावर नावं लिहा. सकाळच्या ड्यूटीत लाल यादी कोण बघणार, दुपारी कोण, रात्री कोण, रविवारी कोण. "ओपीडी स्टाफ" असं लिहू नका. तसं लिहिलं की ते कुणाचंच काम राहत नाही. आम्ही आता हँडओव्हरच्या वहीत लाल यादीचा रकाना आखला आहे. ड्यूटी सोडताना सिस्टर तिथे लिहितात: किती नावं आली, किती जण गाठले, किती राहिले. राहिलेली नावं पुढची सिस्टर सही करून घेते. वही कागदाचीच आहे आणि ती तशीच ठेवावी, असा माझा आग्रह आहे.

दुसरी गोष्ट, पेशंट आवारात असतानाच काम उरका. यंत्र मिनिटात उत्तर देतं, याचा खरा फायदा तेवढाच आहे. लाल यादीत नाव आलं की एक्स-रे खोलीतूनच पेशंटला थांबवायचं, थुंकीचा नमुना त्याच दिवशी घ्यायचा आणि मगच औषधांच्या खिडकीकडे पाठवायचं. एक्स-रेवरची सावली म्हणजे टीबी नव्हे. निदान थुंकीच्या तपासणीने पक्कं करायचं असतं. हे पेशंटलाही त्याच शब्दांत सांगावं, म्हणजे तो उगाच घाबरून पळत नाही.

आणि फोन नंबर. फिरत्या मजुरांच्या बाबतीत हा एक रकाना सगळ्या तंत्रज्ञानावर पाणी फिरवू शकतो. आम्ही आता विचारतो: हा फोन कुणाचा? यावर तुमच्या आजाराचं बोललेलं चालेल का? गावाकडे कुणाला कळवायचं? पुढच्या आठवड्यात टोळी कोणत्या कारखान्याकडे असेल? पेशंट "नाही" म्हणाला तर त्या नंबरवर फक्त "ताईंना दवाखान्यात बोलावलंय" एवढंच सांगायचं, काय निघालं ते नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमतीबद्दल बोलतो, पण आमच्याकडे कायद्याच्या आधी त्या बाईची खोपी गेली होती. टीबी, एचआयव्ही, गर्भपात, मानसिक आजार यांपैकी काहीही संगणकावरून दुसऱ्याच्या मोबाईलवर जाणार असेल, तर तो मोबाईल घरात कोण उघडतं हे आधी विचारा. आभा क्रमांक काढतानाही तेच. चौदा आकडी क्रमांक मिळाला की जुने रिपोर्ट एका जागी सापडतात, ते चांगलंच आहे. पण ओटीपी पुण्यातल्या मुलाच्या फोनवर येत असेल, तर आईच्या तपासण्यांची किल्ली मुलाकडे गेली, हे आईला कळायला हवं. काउंटरवर गर्दी असते, समोरचा घाईने "हो हो" म्हणतो. तेवढ्या वेळात दोन वाक्यं समजावून सांगायला माणूस ठेवा.

यंत्र आपल्या पेशंटवर कसं चालतं हे स्वतः पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका, हेही सांगायला हवं. डोळ्याच्या पडद्याचे फोटो पाहून मधुमेहाचा परिणाम ओळखणाऱ्या एका एआय प्रणालीचा अनुभव २०२० मध्ये थायलंडमधून प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत ती उत्तम ठरली होती. तिच्या आधीच्या संशोधनात भारतातल्या नेत्र रुग्णालयांमधले फोटोही वापरले होते. थायलंडच्या अकरा दवाखान्यांत मात्र पहिल्या सहा महिन्यांत परिचारिकांनी १८३८ फोटो दिले आणि त्यांतले पाचातल्या एकाहून जास्त यंत्राने नाकारले. खोलीत पुरेसा अंधार नाही, इंटरनेट संथ, बाहेर रांग. हे वाचताना मला आमचीच ओपीडी दिसली.

आमच्याकडचा प्रकार वेगळा. पहिल्या काही आठवड्यांत बायकांचे एक्स-रे लाल यादीत जरा जास्तच येऊ लागले. आमच्या टेक्निशियनने, तो शांत मुलगा आहे, फिल्म उजेडाकडे धरून मला दाखवली. "सिस्टर, ही सावली फुफ्फुसाच्या बाहेर, मानेपर्यंत जाते बघा." ती वेणी होती. तेल लावून घट्ट घातलेली, खांद्यावरून पुढे आलेली वेणी फुफ्फुसाच्या वरच्या टोकावर पडते, आणि टीबीचा डागही बहुधा तिथेच असतो. केस वर बांधून घ्यायचे, हा एक्स-रे खोलीतला जुना नियम. गर्दीत तो सुटत होता. पूर्वी रेडिओलॉजिस्टच्या नजरेला वेणी ओळखू यायची म्हणून निभावत होतं. मग खोलीत चिमट्यांचा डबा ठेवला, आणि गळ्यातलं काढायला बायका कचरतात म्हणून एक मावशी दाराशी उभी केली. ती मंगळसूत्र स्वतःच्या मुठीत धरून समोर उभी राहते आणि फिल्म निघाली की त्या बाईच्या हातात परत देते. यादी बरीच खाली आली.

कंपनीला विचारायचे प्रश्न इथूनच सुचतात. हे यंत्र कुणासाठी नाही? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एक्स-रे वाचणाऱ्या संगणकाला टीबीच्या चाळणीसाठी मान्यता दिली ती १५ वर्षं आणि त्यापुढच्या वयासाठी. मग लहान मुलाची फिल्म त्यात घातली तर ते काय करतं? नुसतंच "नॉर्मल" म्हणतं का? लाल यादीत टाकायचा आकडा कुणी ठरवला? हा आकडा खाली आणला तर थुंकीच्या तपासण्या वाढतात, वर नेला तर खरे पेशंट सुटतात, आणि जुन्या बऱ्या झालेल्या टीबीचे व्रण दोन्हीकडे घोटाळा करतात. तो आकडा आपल्या भागातल्या पेशंटवर तपासून ठरवावा लागतो. कंपनीने पाठवलेला तसाच ठेवला, तर तो दुसऱ्याच कुठल्या गावासाठीचा असतो. आणि प्रणालीची नवी आवृत्ती आली की तो बदलतो का, हे करारात लिहून घ्या.

धोक्याची सूचना देणाऱ्या प्रणाल्यांबद्दल मी जास्त कडक आहे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात जंतुसंसर्गामुळे शरीरभर होणाऱ्या गंभीर बिघाडाचा, म्हणजे सेप्सिसचा, आगाऊ इशारा देणारी एक प्रचलित प्रणाली तपासली गेली. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले. सेप्सिस झालेल्यांपैकी ६७ टक्के पेशंट तिच्याकडून सुटले होते, आणि तरीही दाखल झालेल्या १८ टक्के लोकांसाठी तिने इशारा वाजवला होता. वॉर्डमध्ये रात्री एकटी असलेल्या सिस्टरला याचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको. सतत वाजणाऱ्या घंटेकडे कान बंद होतात, त्यात आळशीपणा नसतो. म्हणून नवी घंटा बसवण्याआधी जुनी कोणती बंद करणार, ते ठरवा.

वीज आणि इंटरनेटचं थोडक्यात सांगते. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सायबर हल्ल्यात बंद पडले आणि देशातल्या सगळ्यात मोठ्या रुग्णालयांपैकी एकात सुमारे दोन आठवडे कामं हाताने चालली. आपल्याकडे त्यासाठी हल्लाही लागत नाही. पावसाळ्यात लाइन गेली की पुरे. छापील केस पेपर, औषधांचे तक्ते आणि पेन प्रत्येक वॉर्डच्या एका ठरलेल्या खणात ठेवा आणि अधूनमधून मुद्दाम संगणक बंद करून एक ड्यूटी काढून बघा. नव्या मुलींना ड्रिपचा वेग हाताने काढता येतो का, ते त्यातून कळतं.

हाताची सवय जाते, हा माझा नुसता अंदाज नाही. पोलंडमध्ये आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करणाऱ्या अनुभवी डॉक्टरांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. एआय वापरायला लागण्याआधी ते शंभरातल्या सुमारे २८ जणांमध्ये धोक्याच्या गाठी शोधायचे. सवय लागल्यावर एआय नसलेल्या तपासण्यांत ते प्रमाण २२ वर आलं. आमच्या नव्या डॉक्टरांना म्हणून मी एकच विनंती करते: आधी फिल्म तुम्ही बघा, केस पेपरवर दोन शब्द लिहा, मग यंत्राचा डाग उघडा. पेशंटची छाती तपासताना स्टेथोस्कोप तर सोडूच नका.

नातेवाइकांनो, तुम्हीही विचारा. "हा रिपोर्ट माणसाने पाहिलाय का? कुणी?" असं विचारण्यात उद्धटपणा नाही. "नॉर्मल" लिहून आलं आणि खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, तर परत या. यंत्र नॉर्मल म्हणालं म्हणून घरी बसू नका.

आता एक नवीन प्रस्ताव कानावर येतो आहे. रिपोर्टचं काम यंत्र करतं, तर ओपीडीतली एक सिस्टर कमी करता येईल, असा ट्रस्टींच्या बैठकीत हिशोब मांडला गेला. यंत्र आल्यापासून लाल यादीतल्या माणसांना शोधणं, थांबवणं, समजावणं आणि फोन करणं हे काम वाढलंय. ते आधी होतच नव्हतं म्हणून कुणाच्या हिशोबात नाही. मी तसं लेखी दिलं आहे आणि सोबत वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत. तुमच्या रुग्णालयात असा हिशोब निघाला, तर पद कमी होण्याच्या आदेशावर एका प्रश्नाचं उत्तर आधी मागून घ्या: रविवारी रात्री लाल यादी कोण उघडणार, त्या व्यक्तीचं नाव.