पोहांग : पावसातील पोलादनगरी

प्रस्तावना

छत्तीसगडमधील भिलाई हे शहर पोलादाच्या कारखान्यामुळे नावारूपाला आले. असेच पोलादामुळे वाढलेले एक शहर दक्षिण कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. त्याचे नाव पोहांग. भिलाईतील एखादा रहिवासी पावसाळ्यात एका दिवसापुरता तेथे गेला, तर त्याला काय दिसेल आणि काय उमगेल, हे या पाठात पाहू.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही –
• पोहांग शहराची वैशिष्ट्ये सांगू शकाल;
• भिलाई आणि पोहांग यांतील साम्य व भेद स्पष्ट करू शकाल;
• संकटकाळी परस्पर साहाय्याचे महत्त्व विशद करू शकाल.

मूळ पाठ

राजधानी सोलहून वेगवान रेल्वेने निघालेला प्रवासी सुमारे अडीच तासांत पोहांगला पोहोचतो. जूनच्या अखेरीस कोरियातही पावसाळा सुरू होतो. तेथे त्याला ‘जांगमा’ म्हणतात. आपला पावसाळा चार महिन्यांचा, तर जांगमा साधारण महिनाभराचा. पण ढगांनी भरलेले आकाश आणि छत्र्यांची गर्दी पाहून भारतीय माणसाला परकेपणा वाटत नाही.

पावसात फिरायचे तर जुकदो बाजार सोयीचा. येथील वाटांवर छप्पर आहे. ताजी मासळी, माकूळ आणि खेकडे यांनी भरलेल्या दुकानांतून माणसांची ये-जा चालू असते. ‘मुलह्वे’ हा येथील प्रसिद्ध पदार्थ. कच्च्या माशाच्या बारीक फोडी व भाज्या गार, तिखट रशात घालून तो खातात. हवानहो उद्यानात ‘स्पेस वॉक’ नावाचे पोलादी शिल्प आहे. २०२१ साली खुल्या झालेल्या या शिल्पाच्या वळणावळणाच्या पायऱ्यांवरून चालता येते. मात्र पाऊस वा जोराचा वारा असला की ही वाट बंद ठेवतात. पावसाळी पाहुण्याला ते खालूनच पाहून समाधान मानावे लागते.

ह्योंगसान नदीच्या मुखाशी, दक्षिण तीरावर, पोलादाचा अवाढव्य कारखाना पसरलेला आहे. धुराडी आणि झोतभट्ट्या पाहताच भिलाईकराला आपले गाव आठवल्यावाचून राहणार नाही. भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. पोहांगची पोलाद कंपनी १९६८ साली स्थापन झाली आणि कारखान्याचा पहिला टप्पा १९७३ साली पूर्ण झाला. दोन्ही कारखान्यांचा आरंभ वर्षाला सुमारे १० लाख टन क्षमतेने झाला.

परंतु जागेची निवड निरनिराळ्या कारणांनी झाली. भिलाईला लोहखनिज दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून आणि चुनखडी नंदिनीच्या खाणीतून मिळाली. म्हणून समुद्रापासून दूर असूनही तेथे कारखाना उभा राहू शकला. कोरियाजवळ पुरेसे लोहखनिज नव्हते. ते ऑस्ट्रेलिया, ब्राझील अशा देशांतून जहाजांनी आणावे लागते. म्हणून पोहांगचा कारखाना समुद्राच्या काठी बसला. पाण्याने त्याला जगवले.

त्याच पाण्याने एकदा त्याला बुडवलेही. ६ सप्टेंबर २०२२ रोजी हिन्नामनोर नावाचे चक्रीवादळ कोरियावर आदळले. पहाटेच्या मुसळधार पावसाने नेंगचोन हा ओढा फुगला आणि पुराचे पाणी कारखान्यात शिरले. झोतभट्ट्या खबरदारी म्हणून आधीच थांबवल्या होत्या, त्यामुळे त्या काही दिवसांतच पुन्हा पेटल्या. पोलाद लाटून पत्रे तयार करणारे विभाग मात्र चिखलाने भरून गेले. शहरावरही शोककळा पसरली. एका वसाहतीच्या तळघरातून आपल्या मोटारी काढण्यासाठी गेलेल्या सात जणांना पाण्याने गाठले आणि त्यांचा अंत झाला.

कामगारांनी फावड्यांनी चिखल उपसला. भिजलेली प्रचंड विद्युतयंत्रे उघडून, धुऊन, वाळवून पुन्हा चालती केली. काही यंत्रसामग्री मात्र नव्यानेच हवी होती आणि ती घडवायला बराच काळ लागणार होता. अशा वेळी साहाय्य आले ते भारतातून. मुंबईत मुख्यालय असलेल्या जेएसडब्ल्यू या पोलाद कंपनीने स्वतःच्या कारखान्यासाठी तयार होत असलेली सामग्री पोहांगला आधी देऊ केली. कंपनीचे प्रमुख सज्जन जिंदाल यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. बाजारात जे प्रतिस्पर्धी, तेच संकटात सोबती झाले. २० जानेवारी २०२३ रोजी, म्हणजे सुमारे १३५ दिवसांनी, कारखाना पूर्ववत सुरू झाला.

भिलाईकराला याचे नवल वाटणार नाही. भिलाईचा कारखाना सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारला गेला आणि पोहांगच्या उभारणीला जपानचे साहाय्य लाभले. पोलाद कठीण खरे; पण ते घडते ते अनेक देशांच्या हातांनी.

संध्याकाळी पाऊस ओसरतो. खाडीपलीकडे कारखान्याचे दिवे लागतात आणि पाण्यात त्यांची प्रतिबिंबे हलू लागतात. परतीच्या गाडीकडे निघालेला प्रवासी क्षणभर थांबतो. ते दिवे त्याला ओळखीचे वाटतात.

शब्दार्थ

झोतभट्टी – गरम हवेचा झोत सोडून लोहखनिजापासून लोखंड वितळवणारी भट्टी
विशद करणे – स्पष्ट करून सांगणे
शोककळा – दुःखाची छाया
पूर्ववत – पहिल्यासारखे

स्वाध्याय

१. पोहांगचा कारखाना समुद्रकाठी का उभारला गेला?
२. ‘पाण्याने त्याला जगवले’ आणि ‘त्याच पाण्याने एकदा त्याला बुडवलेही’ या विधानांचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. तुमच्या गावात संकटकाळी परक्या माणसांनी केलेल्या मदतीचा एखादा प्रसंग आठ-दहा वाक्यांत लिहा.