आमची विधानपरिषद



आपल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत विधानसभा व विधानपरिषद हीं दोन नांवें शेजारीं शेजारीं छापलेलीं असतात, आणि परीक्षेपुरतीं तीं पाठ करून आपण पुढें जातों. विधानसभा म्हणजे काय हें समजावयास फारसे प्रयास पडत नाहींत. निवडणुकीच्या दिवशीं आपले आईबाप मत देऊन येतात व त्या मतांवर ती उभी राहते. परंतु लोकांनीं निवडलेली एक सभा असतां राज्यास दुसरी सभा कशाला हवी, तींत कोण बसतें, तिच्या हातीं सत्ता किती, आणि ठाणें, कल्याण व डोंबिवली येथें राहणाऱ्या आपणांसारख्यांचा तिच्याशीं संबंध काय, हे प्रश्न बहुधा न विचारलेलेच राहतात. त्यांचीं उत्तरें शोधण्याचा प्रस्तुत लेखांत अल्पसा प्रयत्न केला आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. १८६१ सालच्या कायद्यान्वयें मुंबई इलाख्यास कायदे करणारें मंडळ मिळालें व त्याची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजीं मुंबईस भरली. त्या मंडळावर नेमलेल्या आरंभींच्या हिंदी गृहस्थांत जगन्नाथ शंकरशेट हे होते. त्यांचें घराणें मूळचें आपल्या ठाणें जिल्ह्यांतील मुरबाडचें. तें मंडळ एकच होतें, त्याचे सभासद सरकार नेमीत असे, आणि शेवटचा शब्द गव्हर्नरसाहेबांचा असे. १८९२, १९०९ व १९१९ च्या कायद्यांनीं त्याचा विस्तार होत गेला. पुढें १९३५ च्या कायद्यानें मुंबई प्रांतास दोन सभागृहें दिलीं, आणि वरिष्ठ सभागृहाची, म्हणजे विधानपरिषदेची, पहिली बैठक २० जुलै १९३७ रोजीं पुणें येथील कौन्सिल हॉलमध्यें भरली. मंगळदास पक्वासा हे तिचे पहिले अध्यक्ष झाले. मात्र त्या काळीं या सभागृहासाठीं मत देण्याचा अधिकार मूठभर संपन्न लोकांपुरताच होता, हें विसरतां कामा नये.

स्वतंत्र भारताची घटना तयार होत असतां, दुसरें सभागृह हवें कीं नको याचा निर्णय घटनासमितींतील त्या त्या प्रांताच्या सभासदांवर सोपविण्यांत आला. मुंबई प्रांतानें होकार दिला. मध्यप्रांत व वऱ्हाड यांनीं नकार दिला. १ मे १९६० रोजीं मुंबई राज्याचे दोन भाग झाले, तेव्हां महाराष्ट्रानें विधानपरिषद ठेवली आणि गुजरातेनें एकाच सभागृहावर कारभार चालविला. आज महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्रप्रदेश, तेलंगण, उत्तरप्रदेश व बिहार या सहाच राज्यांत विधानपरिषदा आहेत. विधानसभेनें विशेष बहुमतानें ठराव केला व संसदेनें तसा कायदा केला, कीं परिषद रद्द होते. पश्चिम बंगालची परिषद १९६९ सालीं गेली, तामिळनाडूची १९८६ सालीं. आंध्रची १९८५ सालीं गेली व २००७ सालीं पुन्हां आली. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. विधानसभेस आपण कशासाठीं आहों हें कोणास सांगावें लागत नाहीं. विधानपरिषदेस मात्र आपली उपयुक्तता वरचेवर सिद्ध करावी लागते.

आतां या सभागृहाची रचना पाहूं. महाराष्ट्राच्या विधानपरिषदेंत ७८ सभासद असतात. त्यांपैकीं ३० जणांना विधानसभेचे सभासद निवडतात. २२ जणांना महानगरपालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा इत्यादि स्थानिक स्वराज्य संस्थांतील सभासद निवडतात. ७ जणांना पदवीधर व ७ जणांना शिक्षक निवडून देतात. आणि उरलेल्या १२ जणांची नेमणूक राज्यपाल करतात. वाङ्मय, शास्त्र, कला, सहकारी चळवळ व समाजसेवा यांत ज्यांचें विशेष ज्ञान किंवा अनुभव आहे अशा व्यक्तींसाठीं या बारा जागा आहेत. गीतरामायणाचे कवि ग. दि. माडगूळकर व रानांतल्या कवितेचे कवि ना. धों. महानोर हे अशाच नेमणुकीनें या सभागृहांत बसले होते.

सभासदाचें वय निदान तीस वर्षांचें असावें लागतें व त्याची मुदत सहा वर्षांची असते. दर दोन वर्षांनीं एकतृतीयांश सभासद निवृत्त होतात आणि त्यांच्या जागीं नवे येतात. आपल्या शाळेंतून दरसाल दहावीचा वर्ग बाहेर पडतो, खालून नवीं मुलें येतात, पण शाळा म्हणून कधीं मोडत नाहीं. विधानपरिषदेचेंही तसेंच आहे. विधानसभा विसर्जित होते, परिषद विसर्जित होत नाहीं.

आपल्या भागाचे धागे या रचनेंत तीन ठिकाणीं गुंतलेले आहेत. ठाणें, पालघर, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या पांच जिल्ह्यांचा मिळून कोंकण पदवीधर मतदारसंघ होतो. याच पांच जिल्ह्यांचा कोंकण शिक्षक मतदारसंघ. आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचा ठाणें मतदारसंघ तिसरा. या तिसऱ्या मतदारसंघांतून निवडून गेलेले व पूर्वीं ठाण्याचे महापौर राहिलेले वसंत डावखरे यांनीं परिषदेचें उपसभापतिपद दीर्घकाळ भूषविलें.

परिषदेच्या हातीं सत्ता किती, हा यापुढचा प्रश्न. उत्तर असें कीं, सत्ता थोडी. संधि मात्र बरीच. राज्याच्या पैशाविषयींचें विधेयक परिषदेंत मांडतां येत नाहीं; विधानसभेनें तें मंजूर करून पाठविल्यावर परिषदेनें चौदा दिवसांत आपल्या सूचनांसह परत करावें लागतें, आणि त्या सूचना मानणें न मानणें विधानसभेच्या मर्जीवर असतें. इतर विधेयकें कोणत्याही सभागृहांत मांडतां येतात. विधानसभेनें मंजूर केलेलें विधेयक परिषदेनें नाकारलें, अथवा तीन महिने तसेंच ठेविलें, तर विधानसभा तें पुन्हां मंजूर करून पाठवूं शकते. दुसऱ्या खेपेस परिषद तें फार तर एक महिना अडवूं शकते; त्यानंतर तें दोन्ही सभागृहांनीं मंजूर केलें असें समजलें जातें. दिल्लीस दोन सभागृहांचा मतभेद झाला तर संयुक्त बैठक बोलावतां येते. राज्यांत तशी सोय नाहीं. मंत्रिमंडळही जबाबदार असतें तें विधानसभेलाच. थोडक्यांत, ही परिषद कोणताही कायदा कायमचा रोखूं शकत नाहीं; ती फक्त “जरा थांबा, पुन्हां एकदां विचार करा” एवढेंच म्हणूं शकते.

डोंबिवलीहून मुंबईस रोज ये-जा करणाऱ्या पालकांना हें लगेच पटेल. लोकलगाडी चालवितो पुढचा मोटरमन. मागें बसलेल्या गार्डाच्या हातीं गाडी चालविणें नसतें. परंतु फलाटावर चढणारा-उतरणारा माणूस त्याला दिसतो, आणि त्यानें घंटा दिल्यावांचून मोटरमन गाडी हलवीत नाहीं. क्षणभराच्या त्या थांबण्यानें कोणाचा तरी जीव वांचतो. कायद्याच्या गाडींतही घाईनें पाय घसरण्याचा संभव असतो. “पुढच्यास ठेच, मागचा शहाणा” ही म्हण येथें चांगली लागू पडते; मात्र मागच्यानें डोळे उघडे ठेविले असतील तरच.

असे उघडे डोळे असलेल्या एका पुरुषाचें उदाहरण येथें देणें उचित होईल. वि. स. पागे हे १९६० पासून १९७८ पर्यंत आपल्या विधानपरिषदेचे सभापति होते. खेड्यांतील धडधाकट माणसास काम मागूनही काम मिळत नाहीं, ही गोष्ट त्यांच्या मनास लागली, आणि मागेल त्यास काम देण्याची योजना त्यांनीं १९६५ सालीं मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढें मांडली. सांगली जिल्ह्यांतील तासगांव तालुक्यांत ती प्रथम करून पाहण्यांत आली. १९७२ च्या दुष्काळांत तिची निकड साऱ्या राज्यास कळली. १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलांत आला. २००५ सालीं केंद्रानें ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्याचें मूळ महाराष्ट्राच्या या प्रयोगांत आहे. सभापतीच्या आसनावर बसलेल्या पुरुषास राज्याचा कारभार हांकण्याचा अधिकार नव्हता. विचार करण्यास सवड होती, आणि तिचा त्यांनीं सदुपयोग केला. वरिष्ठ सभागृहाचें खरें मोल यांत आहे.

या निवडणुकींत मत देण्याची रीतिही ध्यानांत घेण्याजोगी आहे. येथें शिक्का मारावयाचा नसतो अथवा बटण दाबावयाचें नसतें. उमेदवारांच्या नांवांपुढें १, २, ३ असे पसंतीचे आंकडे लिहावयाचे असतात. समजा, एका वर्गांत चाळीस मुलांना एक प्रतिनिधि निवडावयाचा आहे आणि गोविंद, यमुना व जोसेफ हे तिघे उभे आहेत. निवडून येण्यास निम्म्याहून एक अधिक, म्हणजे २१ मतें हवींत. पहिल्या पसंतीचीं मतें मोजलीं तेव्हां गोविंदास १७, यमुनेस १३ व जोसेफास १० मिळालीं. २१ कोणासच नाहींत. म्हणून सर्वांत मागें असलेला जोसेफ गळतो आणि त्याच्या दहा मतपत्रिकांवरील दुसरी पसंती पाहतात. त्यांत आठांनीं यमुनेस व दोघांनीं गोविंदास दुसरें स्थान दिलेलें आढळलें, तर यमुना २१ व गोविंद १९ असा हिशेब होऊन यमुना निवडून येते. केवळ सर्वांत मोठा गट पाठीशीं असून भागत नाहीं. इतरांच्याही मनांत स्थान असावें लागतें. आंकडा १ लिहिलाच नाहीं तर मात्र तें मत बाद ठरतें; पदवी घेतलेल्या माणसांचींही मतें अशा चुकांनीं फुकट जातात.

आतां या सभागृहावर घेतले जाणारे आक्षेप प्रामाणिकपणें पाहिले पाहिजेत. पहिला असा कीं, लोकांपुढें निवडणुकीस उभें न राहतां सत्तेंत येण्याची ही मागची वाट आहे. सभागृहाचा सभासद नसलेल्यास मंत्री झाल्यावर सहा महिन्यांच्या आंत सभासद व्हावें लागतें; २८ नोव्हेंबर २०१९ रोजीं मुख्यमंत्री झालेले उद्धव ठाकरे मे २०२० मध्यें विधानपरिषदेवर बिनविरोध निवडून गेले व ती अट पुरी झाली. हा मार्ग घटनेनेंच ठेविलेला आहे. तथापि पराभूतांची सोय लावण्यासाठीं त्याचा उपयोग होऊं लागला तर सभागृहाचें तेज कमी होतें, यांत शंका नाहीं. दुसरा आक्षेप अधिक मर्मभेदी आहे. पदवीधरास एक मत विधानसभेसाठीं व दुसरें परिषदेसाठीं, आणि शेतांत राबणाऱ्यास एकच, हा कोठला न्याय ? माध्यमिक व त्यावरील शाळांतील शिक्षकांस मत आहे, पण अक्षर गिरवून घेणाऱ्या प्राथमिक शिक्षकांस या मतदारसंघांत स्थान नाहीं, हें तरी योग्य काय ? या आक्षेपांत तथ्य आहे. त्याला उत्तर एकच संभवतें : हें अधिक मत मानाचा तुरा म्हणून मिरवावयाचें नसून, ज्यांना तें नाहीं त्यांच्या वतीनें विचार करण्याचें ऋण म्हणून वापरावयाचें आहे.

तें ऋण आपण फेडतों काय ? पदवीधरांची मतदारयादी दर निवडणुकीस नव्यानें तयार होते. विधानसभेच्या यादींत नांव आहे म्हणून येथें तें आपोआप येत नाहीं. १ नोव्हेंबरपूर्वीं निदान तीन वर्षें पदवी मिळालेली असावी व त्या मतदारसंघांत वास्तव्य असावें, अशी अट असून त्यासाठीं स्वतः अर्ज करावा लागतो. जून २०२४ च्या निवडणुकींत पांच जिल्ह्यांच्या कोंकण पदवीधर मतदारसंघाच्या यादींत दोन लाखांहून थोडींच अधिक नांवें होतीं. एकट्या ठाणें शहराची लोकसंख्याच २०११ च्या खानेसुमारींत अठरा लाखांवर होती. घराघरांत पदवीपत्रें भिंतीवर टांगलेलीं आहेत, पण त्यांच्या धन्यांचीं नांवें यादींत नाहींत, असा याचा अर्थ.

रिकाम्या जागांची कथाही बोधप्रद आहे. राज्यपालनियुक्त बारा जागा जून २०२० मध्यें रिकाम्या झाल्या. नव्या नेमणुका झाल्या त्या ऑक्टोबर २०२४ मध्यें, आणि त्याही सातच. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्यें व ठाणें महानगरपालिकेची मार्च २०२२ मध्यें संपली. निवडणुका लांबल्या व कारभार प्रशासकांकडे गेला. नगरसेवकच नाहींत, तर त्यांच्या मतांनीं परिषदेवर जावयाचा सभासद कोण निवडणार ? जून २०२२ मध्यें ठाण्याची ती जागा रिकामी झाली ती तशीच राहिली. या दोन्ही शहरांच्या नागरिकांनीं महानगरपालिकेसाठीं पुन्हां मत दिलें तें जानेवारी २०२६ मध्यें. खालचा चिरा निखळला कीं वरची भिंत कशी खचते, हें आपण आपल्याच गांवांत पाहिलें.

म्हणून, मित्रहो, विधानपरिषद ठेवावी कीं मोडावी या वादांत आज तुम्ही उतरलेंच पाहिजे असें नाहीं. पण जें सभागृह केवळ “पुन्हां विचार करा” एवढेंच सांगूं शकतें, त्यांत विचार करणारीं माणसें गेलीं पाहिजेत, आणि तीं पाठविण्याचें काम पदवीधरांचें, शिक्षकांचें व नगरसेवकांचें आहे, हें ओळखा. पदवीधर पालकांनीं आपलें नांव यादींत आहे काय तें पाहावें. आणि तुम्ही आज घरीं गेल्यावर आपल्या वडिलांस, आईस किंवा थोरल्या भावंडास एवढाच प्रश्न विचारा : “तुमचें नांव पदवीधरांच्या यादींत आहे ना ?” नसेल, तर पुढील खेपेस अर्ज भरण्याची आठवण देण्याचें काम तुमचें.