गुडघ्यावरचा भार

खोडाळ्याच्या परिसरात नाचणी-वरईची शेते डोंगरउतारावर असतात. डोक्यावर भारा घेऊन उतरताना एखाद्याचा पाय घसरतो, गुडघा पिरगळतो. काही आठवड्यांत सूज ओसरते, चालणे सुरू होते. आणि पंधरा-वीस वर्षांनी तोच गुडघा ठणकू लागतो. असे का व्हावे? उत्तर तुमच्या पाठ्यपुस्तकातील सूत्रात सापडते : दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ.

प्रथम बल पाहू. कृत्रिम गुडघ्यातच बलमापक बसवून शास्त्रज्ञांनी मोजमापे घेतली आहेत. सपाटीवर चालताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच पटींहून अधिक, तर पायऱ्या उतरताना सुमारे साडेतीन पट बल येते. कारण वजनात स्नायूंच्या ओढीची भर पडते. ५० किलोग्रॅमची व्यक्ती १५ किलोग्रॅमचा भारा घेऊन उतरली, तर ढोबळ हिशेबाने ६५ × ३.५, म्हणजे सुमारे २२८ किलोग्रॅम-भार एका गुडघ्यावर!

आता क्षेत्रफळ. मांडीच्या हाडाचे टोक गोलसर, तर नडगीच्या हाडाचा माथा जवळजवळ सपाट. त्यांच्यामधील फट चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या भरून काढतात आणि भार पसरवतात. पिरगळण्यात नेमकी हीच गादी फाटते. पूर्वी ती सरळ कापून टाकीत. अशा गुडघ्यांत पुढे होणारे बदल फेअरबँक या ब्रिटिश शल्यविशारदाने १९४८ साली क्ष-किरण चित्रांवरून दाखवून दिले. गादी गेली की स्पर्शाचे क्षेत्रफळ साधारण निम्मे होते, म्हणजेच दाब दुप्पट. हाडांवरील गुळगुळीत कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिची झीज भरून येत नाही. अखेर हाडावर हाड घासते.

मग झिजलेली टोके काही मिलिमीटर कापून वर कोबाल्ट-क्रोमियमची टोपी, खाली धातूची तबकडी आणि मध्ये पॉलिएथिलीनचा तुकडा बसवतात. असा एक महत्त्वाचा आराखडा १९७४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये साकारला. तो करणाऱ्यांत डॉ. चित्तरंजन राणावत होते. त्यांनीच ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा बदलला.

वाजपेयी तेव्हा पंच्याहत्तर वर्षांचे होते. इजा झालेला रुग्ण मात्र पुष्कळदा पंचेचाळिशीतच येतो. प्लॅस्टिकही झिजतेच, म्हणून त्याला दुसरी शस्त्रक्रिया लागण्याचा संभव अधिक. शिवाय बदललेल्या गुडघ्यावर उकिडवे बसणे सहसा टाळायला सांगतात. भातलावणी करणाऱ्याने काय करावे? म्हणून डॉक्टर आधी मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, वजन घटवणे आणि काठी हे उपाय करून पाहतात. काठी धरायची ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात.