हँडब्रेकचे लायनर घरी बदलायचे की गॅरेजला द्यायचे?



परदेशातली माणसं घरच्या गॅरेजात स्पोर्ट्स कारचे हँडब्रेक पॅड बदलतात, असे व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील. ते बघून आमच्या बॅचमधल्या एकाने विचारलं, "सर, मग माझ्या डिलिव्हरी व्हॅनचं काम मीच का करू नये? मजुरी तरी वाचेल."

उत्तर देण्याआधी माझीच चूक सांगतो. माझ्या दुकानाच्या व्हॅनचा हँडब्रेक सैल व्हायचा. मी काय करायचो? केबलचा नट थोडा आवळायचा, की झालं. महिन्याभराने परत तेच. एका एप्रिलमध्ये थिबा पॅलेसकडच्या उतारावर माल उतरवला आणि बिल द्यायला आत गेलो. बाहेर येऊन बघतो तर गाडी मागे सरकून जांभ्याच्या गडग्याला टेकलेली. दोन मिनिटांपूर्वी आमचा पोरगा नेमका तिथेच उभा राहून पेट्या उतरवत होता. नंतर ड्रम उघडला, तेव्हा लायनर पार पत्र्यापर्यंत झिजलेले. मी केबल ताणून दुखणं झाकत होतो.

आधी फरक समजून घ्या

चारही चाकांना डिस्क असलेल्या बऱ्याच स्पोर्ट्स कारमध्ये हँडब्रेकची सोय वेगळी असते. काहींना छोटा स्वतंत्र कॅलिपर असतो. पोर्शे ९११ च्या अनेक मॉडेलमध्ये मागच्या डिस्कच्या आतच छोटा ड्रम असतो. आपल्या साध्या व्हॅन आणि छोट्या टेम्पोंत बहुतेक वेळा मागच्या ड्रममधले तेच लायनर पायाच्या ब्रेकलाही असतात आणि हँडब्रेकलाही. म्हणजे हे काम चुकलं तर फक्त उभी गाडी सरकणार नाही, चालती गाडीही नीट थांबणार नाही. आंबा घाटात माल भरलेली गाडी उतरवताना याचा अर्थ काय होतो, ते सांगायला नको.

काम कसं चालतं?

१. गाडी सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. ड्रम निघायला हँडब्रेक सोडावाच लागतो, म्हणून ठोकळ्यांशिवाय सुरुवातच नको.

२. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. जॅकने उचलल्यावर खाली स्टँड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालायचा नाही.

३. आपल्याकडे खारी हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे ड्रम गंजून चिकटतो. बऱ्याच ड्रमना आट्यांची दोन भोकं असतात. त्यात बोल्ट आळीपाळीने आवळले की ड्रम सुटतो.

४. आतली धूळ फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा, ब्रेक क्लीनरने ओलं करून पुसा.

५. स्प्रिंगा काढण्याआधी फोटो काढा. एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे दुसरी बाजू नमुना म्हणून राहते. लायनर मात्र दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे. ड्रम काढलेला असताना पेडल कुणीही दाबू नये, सिलिंडरचा पिस्टन बाहेर येतो.

६. आत ब्रेक ऑइल गळताना दिसलं, तर काम तिथेच थांबवा आणि मेकॅनिकला बोलवा.

७. जोडल्यावर आधी लायनरचं अंतर सेट करा, मग केबल. उलटं करायचं नाही. हँडल किती टिक ओढलं जावं, ते गाडीच्या पुस्तकात असतं. शेवटी चाचणी आधी सपाटीवर, मग रिकाम्या गाडीने उतारावर.

आता हिशेब

आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. लायनर दोन्हीकडे विकतच घ्यायचे, म्हणून ते बाजूला ठेवा. गॅरेजची मजुरी ७०० रुपये धरू. घरी पहिल्यांदा करायला ४ तास लागतील. दुकानात तुम्ही तासाला सरासरी २०० रुपये नफा कमावत असाल, तर त्या वेळेची किंमत ८०० रुपये झाली. वर स्टँड आणि पाने वेगळे. म्हणजे दुकान बंद ठेवून हे काम केलं तर मजुरी वाचली नाही, उलट १०० रुपये जास्त गेले. सुट्टीच्या दिवशी केलंत आणि गाड्या दोन-तीन असतील, तर गणित बदलतं.

माझं मत स्पष्ट आहे: पहिल्यांदा जाणत्या मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून बघा. पुढेही करणारा तोच असला तरी चालेल, पण तपासणारे तुम्ही हवे. ड्रम उघडल्यावर काय बघायचं हे ज्याला कळतं, त्याला कुणी फसवत नाही आणि तो स्वतःलाही फसवत नाही.

धंद्यातही हेच होतं बघा. गल्ल्यात पैसे कमी पडले की आपण उधार उचलतो, महिना निघतो. परत कमी पडले, परत उधार. हे केबल आवळणंच झालं. मार्जिन कुठे झिजतंय, हे ड्रम उघडल्याशिवाय दिसत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: गाडीची एक वही करा. तारीख, किलोमीटर, काय काम केलं, किती खर्च. हँडब्रेक शेवटचा कधी आवळला, तेही लिहा. दोन महिन्यांत दोनदा लिहावं लागलं, तर नटाला हात लावू नका. ड्रम उघडा.