मागच्या पडवीपर्यंत

राजापूरकडचं आमचं घर जुनं, कौलारू. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी अशी एकामागे एक रांग. मुलं लांब, म्हणून फायबर घेतलं. ते घरभर पोचवताना जे उमगत गेलं, ते असं.

१. नेट घरात येणं वेगळं आणि घरभर पोचणं वेगळं. ओटीवर फोनला १०० एमबीपीएस मिळत असताना मागच्या पडवीत आईला नातवाचा चेहरा चौकोनाचौकोनांत तुटलेला दिसायचा. मोठा प्लॅन घेऊन हे सुटत नाही. अडतं ते मधल्या भिंतींपाशी.

२. भिंतीही ऋतूप्रमाणे बदलतात. जांभ्याचे चिरे जाड, त्यात सच्छिद्र. पावसात ते ओल धरतात आणि पाणी वायफायच्या लहरी शोषून घेतं. मे महिन्यात स्वयंपाकघरात नीट चालणारा कॉल आषाढात का अडखळतो, याचा उलगडा मला तिथे झाला. लोखंडी कपाट आणि मोठा आरसा तर लहरी परतवूनच लावतात. ऐन उन्हाळ्यात घर गार ठेवणाऱ्या या भिंतींवर मात्र राग धरवत नाही.

३. राउटरची जागा आपण ठरवायची असते. वायर जिथून आत येते तिथेच, बहुधा टीव्हीच्या मागे, तो बसवला जातो. आम्ही तो माजघरात, डोक्याच्या वर, उघड्या फळीवर नेला. अँटेना उभी असली की लहरी आडव्या चहूकडे पसरतात, टोकाच्या दिशेला फारशा जात नाहीत. म्हणून एकमजली घरात ती सरळ उभी बरी. एका पैचा खर्च न होता एवढा फरक पडेल असं मला वाटलं नव्हतं.

४. वेगवान तेच चांगलं, असं नसतं. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा जोरात धावतो, पण भिंतीपाशी लवकर दमतो. २.४ चा सावकाश, तरी लांब जातो. गावात तो मोकळा मिळतो. शहरातल्या इमारतीत मात्र शेजारच्या सगळ्या राउटरांची त्याच्यावर गर्दी असते. तिथे १, ६ आणि ११ हे एकमेकांत न मिसळणारे चॅनेल, त्यांतला कमी गजबजलेला निवडावा. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात काम करतो, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

५. फोनवरच्या रेघांपेक्षा आकडा खरं बोलतो. सिग्नल मोजणारं ॲप उघडून खोल्याखोल्यांतून हिंडावं. उणे ५० डीबीएम उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल सहसा सुरळीत चालतो. उणे ५० आणि उणे ७० यांत दिसायला वीसचा फरक, पण सिग्नलची ताकद शंभरपट कमी झालेली असते. हे कळल्यावर एकेका भिंतीचं वजन समजलं.

६. बिनतारी नेटचा सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे तार. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतोही, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. आमच्या वायरमनने माळ्यावरून, उंदरांपासून जपायला पीव्हीसी पाइपातून, कॅट ६ केबल मागपर्यंत नेली. अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते. पडवीत तिच्या टोकाला दुसरा ॲक्सेस पॉइंट बसवला, नाव आणि पासवर्ड तेच ठेवले. आता आई फोन घेऊन पुढेमागे फिरली तरी तिला काही बदलावं लागत नाही.

७. लाइट गेली की सगळं मुसळ केरात. कोकणातल्या पावसाळ्यात याचा विचार आधी हवा. फायबरचा डबा, राउटर आणि मागचा पॉइंट, तिन्ही इन्व्हर्टरवर हवेत. एक जरी राहिला तरी साखळी तुटते.

८. घरातलं नेट कुठे बसणाऱ्यासाठी आहे, हे आधी ठरवावं. आपण आपल्या खुर्चीवरून वेग तपासतो, समाधानाने उठतो, आणि ज्याला घराबाहेर पडणं जमत नाही तो मागच्या खोलीत ‘हॅलो, हॅलो’ करत राहतो. राउटर, केबल, चॅनेल हे सगळं मी आता सर्वांत लांबच्या बैठकीपासून उलटं आखत येते. तिथे पोचलं की मधल्या खोल्यांना आपोआप मिळतं.